जुन्या मोटारसायकलीच्या सांगाड्याची दृढता : एक आढावा

मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत वाहने वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. ज्या दुचाकीस्वारांना तोवर अलिबागेस यावयाचे म्हणजे पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड आणि कार्ले खिंड असा दूरचा वळसा घ्यावा लागे, किंवा रेवसच्या लाँचवर माणसांच्या मदतीने गाडी चढवावी लागे, त्यांच्या गाड्या तेव्हापासून सुमारे तासाभराच्या जलप्रवासानंतर स्वतःच्या चाकांवर मांडव्यास उतरू लागल्या. हिवाळ्यातील सुटीच्या दिवशी उतरणाऱ्या या गाड्यांत जुन्या बुलेट, जावा, येझदी, राजदूत ३५० आणि आरएक्स १०० नजरेत भरतात. आणि झिराड, चोंढी, किहीम, थळ या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या घरच्या कामी राबणाऱ्या गाड्यांची त्यांत भर पडते. या दोन्ही प्रकारच्या मालकांना एकच प्रश्न पडलेला मी पाहतो : वळणात गाडी डुलते, वेगात हँडल थरथरते, तर सांगाड्याला चार पट्ट्या आणि दोन आडव्या नळ्या जोडून तो ताठ करून घ्यावा की नाही? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात बलशास्त्र आहे, शर्यतींचा इतिहास आहे, या किनाऱ्याची खारी हवा आहे आणि अखेरीस मोटार वाहन कायद्याचे एक कलमही आहे. यास्तव या सगळ्याचा एकत्र विचार करणे अगत्याचे वाटते.

सांगाड्यावर इंजिन, टाकी आणि स्वार यांचा भार असतो, परंतु भार पेलणे हे त्याचे सोपे काम होय. त्याचे कठीण काम निराळे आहे. ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो आणि जिला आपले मेकॅनिक कोनसेटची नळी म्हणतात ती पुढची नळी, आणि ज्या आडव्या दांड्यावर मागच्या चाकाचा चिमटा वर-खाली झुलतो तो दांडा, या दोहोंमधील काटकोन कितीही हिसके बसले तरी ढळू न देणे, हे ते काम. वळणात पुढचा टायर रस्त्याला धरून जे पार्श्वबल उत्पन्न करतो ते जमिनीच्या पातळीवर लागू होते, आणि कोनसेटची नळी त्याहून बरीच वर असते; त्यामुळे ते बल सांगाड्याला वाकवता वाकवता पीळही देते. पीळ पडला की दोन्ही चाके एका पातळीत राहत नाहीत. पीळ उलगडू लागला की ती विरुद्ध बाजूला ढळतात. आणि हे आंदोलन आपोआप शमण्याऐवजी वाढत गेले तर स्वाराला आपल्या खालची गाडी मधोमध सांधलेली असल्याचा भास होतो.

या आंदोलनांचे गणित मांडण्यास आरंभ झाला तो सायकलीपासून. १८९९ मध्ये केंब्रिजच्या व्हिपल यांनी चालत्या सायकलीच्या स्थैर्याची समीकरणे सिद्ध केली. मोटारसायकलीच्या बाबतीत निर्णायक ठरलेला निबंध मात्र १९७१ चा, इंग्लंडमधील रॉबिन शार्प यांचा. त्यात त्यांनी दुचाकीच्या तीन स्वाभाविक प्रवृत्ती वेगळ्या करून दाखविल्या : एका कुशीवर संथपणे कलंडत जाणे, संपूर्ण गाडीने सेकंदाला दोन ते चार वेळा नागमोडी डुलणे, आणि पुढच्या चाकाने सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरणे. पहिलीला स्वार सहज आवरतो. दुसरी वेगाबरोबर बळावते, आणि तीच जुन्या गाडीचा खरा शत्रू होय. १९७४ मध्ये शार्प यांनी सांगाडा पूर्णतः कठीण आहे हे गृहीत सोडून देऊन चिमट्याच्या सांध्याशी लवचिकता धरून गणित केले, तेव्हा नागमोडी डुलण्याचे शमन घटते असे दिसून आले. परंतु पुढे याच अभ्यासशाखेत पुढच्या फोर्कची आणि कोनसेटजवळची लवचिकता गणितात घेतल्यावर एक अनपेक्षित गोष्टही उघड झाली : हँडलच्या थरथरीसंबंधीची भाकिते, जी पूर्ण कठीण सांगाडा धरला असता रस्त्यावरील अनुभवाशी जुळत नव्हती, ती या लवचिकतेमुळेच अनुभवाच्या जवळ आली. तात्पर्य, मागच्या बाजूची ढिलाई जवळजवळ नेहमीच घातक, आणि पुढच्या बाजूची लवचिकता प्रमाणात असेल तर निमूटपणे सोसण्याजोगी, असा भेद शास्त्राने केव्हाच केलेला आहे. पट्ट्या जोडणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

दृढता कशाने येते? वाडीच्या फाटकाला सुतार जी तिरपी पट्टी ठोकतो तिच्यात या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे : चार काठ्यांची चौकट कितीही जाड केली तरी ती कोपऱ्यांत खचते, आणि एक बारीकशी तिरपी पट्टी चौकटीचे दोन त्रिकोण करून ते खचणे थांबविते. उरलेले निम्मे उत्तर नळीच्या व्यासात आहे. पातळ भिंतीच्या नळीची पीळ सोसण्याची दृढता भिंतीच्या जाडीच्या सम प्रमाणात वाढते, परंतु व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २५ मिलिमीटर व्यासाच्या जागी त्याच जाडीची ३२ मिलिमीटरची नळी आली तर दृढता सुमारे दुप्पट होते आणि वजन मात्र एक-चतुर्थांशाहून थोडेसेच अधिक वाढते. येथेच एक लोकप्रिय समजूत दूर करणे इष्ट आहे. उंची मिश्रपोलादाची नळी वापरली म्हणजे सांगाडा ताठ होतो असे पुष्कळांना वाटते, पण साधे पोलाद काय, मँगनीज-मॉलिब्डेनमचे रेनॉल्ड्स ५३१ काय, किंवा क्रोम-मॉलिब्डेनमचे पोलाद काय, सर्वांचा स्थितिस्थापकतेचा गुणांक जवळजवळ सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. उंची पोलाद अधिक ताण सोसते, म्हणून त्याची नळी पातळ करता येते. समान आकाराची नळी अधिक ताठ काही होत नाही.

शर्यतींच्या इतिहासात ही तत्त्वे पहिल्या प्रथम पूर्णत्वाने उतरली ती बेलफास्टच्या रेक्स मॅक्कँडलेस यांनी नॉर्टन कंपनीसाठी रचलेल्या सांगाड्यात. दोन्ही बाजूंस अखंड वळविलेल्या नळ्यांची दुहेरी चौकट, कोनसेटपाशी एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या नळ्या आणि पितळी झाळकामाचे सांधे, अशी त्याची घडण होती. १९५० मध्ये आईल ऑफ मॅनच्या सीनिअर शर्यतीत जेफ ड्यूक यांनी त्याच्यावर विजय मिळविला, आणि सीनिअर व ज्युनिअर या दोन्ही शर्यतींतील पहिली तिन्ही स्थाने नॉर्टनने पटकावली. त्याच इंजिनाच्या मानाने गाडी एकाएकी इतकी सुधारली की, पुढली वीस वर्षे इंग्लंडमधील हौशी कारागीर इतर कंपन्यांची इंजिने काढून याच सांगाड्यात बसवीत राहिले. साठीच्या दशकात स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्ली यांनी निराळा मार्ग काढला : इंजिनावरून जाणारी एकच मोठ्या व्यासाची कणारूप नळी, आणि तिला व्हिन्सेंटचे अवजड इंजिन टांगलेले. व्यासाच्या घनाचा नियम त्यांनी जणू एका नळीत लिहून ठेवला.

जपानी कारखान्यांनी यानंतर इंजिनांत जी झेप घेतली तिच्या मागे त्यांचे सांगाडे काही वर्षे रखडत चालले. १९६९ ची ५०० सीसी कावासाकी आणि १९७२ ची ९०३ सीसीची झेड-१ यांच्या शक्तीचा लौकिक जितका झाला तितकाच त्यांच्या डुलण्याचाही झाला. आपल्या विषयाचे मुख्य प्रकरण येथेच आहे. अमेरिकेत १९७६ पासून कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या सुपरबाईक शर्यतींची राष्ट्रीय मालिका सुरू झाली. मूळ सांगाडा ठेवणे भाग, आणि तो ताठ केल्याविना जिंकणे अशक्य, अशा पेचातून जी कारागिरी जन्माला आली तिचा शिरस्ता आजही पाळला जातो. कोनसेटच्या नळीभोवती त्रिकोणी पत्रे. पुढच्या दोन उभ्या नळ्यांच्या दरम्यान आडवी नळी. टाकीखालच्या नळ्यांपासून कोनसेटच्या बुडाकडे येणारा तिरपा आधार. चिमट्याच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस पेटीसारखे बंदिस्त केलेले पत्रे. आणि खुद्द चिमट्याला खालून किंवा वरून दिलेली कैची. अशाच घडणीच्या कावासाकीवर एडी लॉसन यांनी १९८१ आणि १९८२ ची अजिंक्यपदे मिळविली. परंतु त्या गाड्यांवरचे टायर शर्यतीचे होते, प्रत्येक शर्यतीनंतर सांगाड्याचे जोड न्‌ जोड तपासले जात, आणि तडा दिसला तर सांगाडा बाद करण्याची ऐपत संघापाशी होती. या तीन गोष्टी वगळून केवळ पट्ट्यांची नक्कल करणे म्हणजे अर्धी विद्या घेणे होय.

आता आपल्या गाड्यांकडे वळू. १९५२ मध्ये भारतीय लष्कराने बुलेटची मागणी नोंदविली आणि १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे तिची जुळणी होऊ लागली. त्या बुलेटच्या सांगाड्याची रचना फार थोड्यांनी नीट पाहिलेली असते. पुढची उभी नळी इंजिनाच्या पुढ्यात संपते. तिथून मागच्या भागापर्यंतची जोडणी इंजिनाचे कवच, त्याला बोल्टने आवळलेला गिअरबॉक्स आणि मागचे पत्रे हेच करतात. म्हणजे इंजिन हा सांगाड्याचाच एक अवयव आहे. फाउंडेशन बोल्ट ढिले असलेली, किंवा झिजलेल्या भोकांत बारीक बोल्ट घातलेली बुलेट ही एक हाड निखळलेली गाडी समजावी; तिला वरून कितीही पट्ट्या जोडल्या तरी तिचे डुलणे थांबणार नाही, आणि भोके लेथवर नीट करून योग्य मापाचे बोल्ट योग्य आवळणीने बसविले तर पुष्कळदा एकही पट्टी न जोडता ते थांबते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेल्या जावा गाड्यांचा सांगाडा चौकोनी नळ्यांचा आणि बंदिस्त. तो त्या इंजिनाच्या मानाने पुरेसा ताठ आहे, आणि त्याचे दुखणे सहसा चिमट्याच्या बुशात निघते. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली राजदूत ३५० ही मूळची यामाहा आरडी ३५०. तिचा दुहेरी चौकटीचा सांगाडा त्या काळच्या भारतीय गाड्यांत सर्वांत सशक्त होता. पण त्या पिढीच्या कित्येक यामाहा गाड्यांत चिमट्याला प्लॅस्टिकचे बुश असत, ते झिजले की उत्तम सांगाडाही कवडीमोल ठरतो, आणि त्यांच्या जागी गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचे बुश घालणे हा कोणत्याही वेल्डिंगपेक्षा स्वस्त व गुणकारी उपाय आहे.

मांडव्याच्या संदर्भात मात्र याहूनही निकडीची एक बाब आहे, आणि या लेखाचा सारा रोख तिच्यावरच आहे. येथे समुद्रावरून येणारा वारा बारा महिने क्षार वाहून आणतो, पावसाळ्यात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि धक्क्यावर किंवा बोटीच्या उघड्या तक्त्यावर उभ्या केलेल्या गाडीवर खारे तुषार उडतात. सांगाड्याच्या नळ्या बाहेरून रंगविलेल्या असतात, आतून बहुधा उघड्याच असतात. बोल्टांच्या भोकांतून, टोपणे गळून पडलेल्या टोकांतून दमट हवा आत शिरते, रात्री तिचे पाणी होते, ते सर्वांत खालच्या वळणात साचते, आणि क्लोराइडच्या योगाने पोलादात बारीक खळगे पाडू लागते. समजा, नळीची भिंत मूळची २ मिलिमीटर होती आणि आतून अर्धा मिलिमीटर खाल्ली गेली. तर वर सांगितलेल्या नियमानुसार तिची दृढता एक-चतुर्थांशाने घटली, आणि बळकटी तर त्याहूनही अधिक, कारण प्रत्येक खळगा हा भावी तड्याचा उगम असतो. रंग झळझळीत, क्रोम चकचकीत, आणि आतून नळी निकामी, अशा गाड्या या किनाऱ्यावर विरळ नाहीत. बॅटरीच्या खालची नळी आम्ल ठिबकून, आणि साइड स्टँडच्या मुळाशी माती-चिखल साचून, अशीच झिजते. अशा सांगाड्याला नवी पट्टी जोडणे म्हणजे धडधाकट पत्रा आजारी नळीच्या गळ्यात बांधणे. पट्टी ताठ राहते, बल तिच्या टोकाशी एकवटते, आणि नळी नेमकी तेथेच फुटते.

सबब या भागात दृढतेच्या कामाचा पहिला टप्पा जोडण्याचा नसून तपासण्याचा असला पाहिजे. गाडी पूर्ण सोडावी, सांगाडा रंग काढून उघडा करावा. नळ्यांवर लहान हातोडीने ठोकून नाद ऐकावा, संशयित जागी टोकदार पंच रोवून पाहावा. आणि जहाजांच्या पत्र्याची जाडी मोजण्यासाठी गोदीत जे ध्वनिलहरींचे मापक वापरतात ते मिळाले तर प्रत्येक नळीची जाडी कागदावर उतरवून घ्यावी. खराब तुकडा कापून त्याच मापाची नळी, आतून बसणाऱ्या गाभ्यासह, जोडावी. काम पुरे झाल्यावर नळ्यांच्या आत उकळलेले जवसाचे तेल ओतून निथळून घ्यावे, ही विमानांच्या पोलादी नळ्यांसाठी रूढ असलेली जुनी रीत येथेही उपयोगी आहे. मग सर्व भोके बंद करावीत. यानंतर कोनसेटच्या सुट्या गोळ्यांच्या जागी टेपर बेअरिंग, चिमट्याला नवे बुश, चाकांचे आरे ओढून रिमचा आऊट काढणे, दोरी धरून दोन्ही चाके एका रेषेत आणणे, आणि शॉकॲब्सॉर्बर व टायर बदलणे. माझे स्पष्ट मत असे आहे की, रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या डुलण्याचा बहुतांश बंदोबस्त एवढ्यानेच होतो.

एवढे करूनही ज्याला दृढता वाढवावयाची असेल त्याने मापनाशिवाय पाऊल टाकू नये. मापन अवघड नाही : चिमट्याचा दांडा भक्कम बैठकीला आवळावा, कोनसेटच्या नळीत घट्ट बसणारा दंड घालून त्याला एक मीटर लांबीचा आडवा हात जोडावा, त्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगावे, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो, आणि डायल गेजवर नळी किती ढळली ते वाचावे. पट्टी जोडण्यापूर्वी आणि नंतर हाच आकडा घेतला म्हणजे कारागिराच्या हाताचे चीज झाले की नाही हे वादाविना ठरते. जोडकामाचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले तर नाहक अनर्थ होतो. सांगाडा साच्यात आवळल्याविना वेल्डिंग करू नये, कारण तापलेला सांधा निवताना आकसतो आणि कोनसेटची नळी एका बाजूला ओढतो. जोड आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूंस, लहान टप्प्यांत घ्यावे. त्रिकोणी पत्र्याची टोके निमुळती किंवा माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असावीत, आणि नळीला आडवा वेढा घालणारा जोड कधीही देऊ नये, कारण तडा तेथूनच निघतो. बंद नळीला वेल्डिंगपूर्वी श्वासाचे छिद्र ठेवावे आणि नंतर ते बुजवावे; मांडव्यास हे बुजविणे विसरणे परवडणारे नाही. कोठे जोडावे याचा क्रमही शास्त्राने सुचविलाच आहे : आधी चिमट्याच्या दांड्याभोवती, मग चिमट्याला, आणि सर्वांत शेवटी, जपून, कोनसेटपाशी.

जपून असे म्हणण्यास आणखी एक कारण आहे. गाडी वळणात ज्या कोनात कलते त्या कोनात रस्त्याचा खड्डा शॉकॲब्सॉर्बरच्या रेषेत येत नाही. त्या धक्क्याचा काही भाग सांगाड्यानेच आडव्या दिशेने लवून गिळावा लागतो. शर्यतीच्या गाड्यांच्या रचनाकारांना हे नव्वदीच्या दशकात कळून चुकले, आणि तेव्हापासून पिळाची दृढता वाढवावी पण आडवी लवचिकता राखावी असा त्यांचा प्रयत्न चालू आहे. २००९ ते २०११ या काळात डुकाटीने आपल्या अव्वल शर्यतीच्या गाडीला कार्बन तंतूंची बांधणी दिली होती. पुढच्या चाकाची जाणीव पुरेशी पोचत नाही ही तक्रार राहिली आणि २०१२ मध्ये ॲल्युमिनिअमचा सांगाडा आला. त्या तक्रारीचे सगळे मूळ दृढतेतच होते असे नव्हे, पण अधिक ताठ तेच अधिक चांगले हा सिद्धांत तेथेही टिकला नाही.

नव्या गाड्यांनी हा प्रश्न कारखान्यातच सोडविला आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २०१२ मध्ये चाकणहून केटीएमची २०० ड्यूक निघू लागली, तिचा सांगाडा पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांचा. त्याच वर्षी बजाजची पल्सर २०० एनएस आली, तिचा दाबलेल्या पत्र्याच्या परिघी तुळयांचा. बुलेटच्या घराण्यानेही २०२१ च्या क्लासिकला दोन उभ्या नळ्यांचा नवा सांगाडा दिला. तो ज्या इंग्रज हॅरिस परफॉर्मन्स कंपनीच्या साहाय्याने घडला, ती २०१५ मध्येच रॉयल एनफिल्डने विकत घेतली होती.

राहता राहिला कायदा, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल करण्याची मुभा मालकास नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ मापाची नळी बदलणे ही दुरुस्ती. नवी नळी वाढविणे हा बदल. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर पेणच्या परिवहन कार्यालयात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी उभी राहते तेव्हा निरीक्षक प्रथम चासी नंबर पाहतो, आणि तो बहुधा कोनसेटच्या नळीवरच कोरलेला असतो. त्याच्यावर ग्राइंडर फिरविणे किंवा पत्रा चढविणे म्हणजे गाडीचा दाखलाच पुसून टाकणे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे स्वतंत्र नियम झाले त्यांतही सवलत आहे ती मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांनाच. चासीत फेरफार केलेली साठच्या दशकातील जावा त्या मानाला मुकते.

यावरून माझा निर्णय असा : मांडवा-अलिबाग रस्त्यावर चालवावयाच्या जुन्या गाडीला अधिक लोखंडाची गरज नाही, तिचे जे लोखंड समुद्राने आणि काळाने खाल्ले ते परत मिळवून देण्याची गरज आहे. पट्ट्या आणि कैच्या शर्यतीच्या मैदानासाठी, वेगळ्या गाडीवर, मापे घेऊन कराव्यात. आणि ज्यांनी हे दुरुस्तीचे काम काढावयाचे ठरविले असेल त्यांना एवढीच विनंती की, ते दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत पुरे करावे. पावसाळ्याच्या तोंडावर उघडा केलेला सांगाडा रंग चढण्यापूर्वीच पुन्हा गंजू लागतो.